गावाचं सभागृह बांधायचंय? आर्किटेक्ट नेमण्याआधी आणि नेमल्यावर

घराला मालक एक असतो, फार तर दोन. समाजमंदिर, सभागृह, वाचनालय किंवा संस्थेचं वसतिगृह असेल तर मालक अडीचशे असतात आणि आर्किटेक्टसमोर त्यातले सात-आठ जण बसतात. त्या सात-आठांचं आपसात ठरलेलं नसेल तर कितीही हुशार आर्किटेक्ट आणा, इमारत तडजोडींचा ढीग होऊन उभी राहते. म्हणून या लेखातला जवळपास अर्धा मजकूर आर्किटेक्ट भेटण्याआधीच्या कामाबद्दल आहे. उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका नोंदणीकृत न्यासाचं सभागृह समोर ठेवू: 12 मीटर रुंद, 20 मीटर लांब, लग्न-साखरपुडे, व्याख्यानं, बचत गटांचे मेळावे, सगळ्यासाठी वापरायचं.

आधी समिती

विश्वस्त मंडळ किंवा ग्रामसभा ठराव करते, पण रोजचे निर्णय त्यांना घेता येत नाहीत. त्यासाठी तीन ते पाच जणांची बांधकाम समिती लेखी ठरावाने नेमा. त्यात पैशाचा हिशेब ठेवणारा एक, साइटवर जाऊ शकणारा एक आणि इमारत प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपैकी किमान दोघे हवेत, त्यात बाई असलीच पाहिजे. ठरावात तीन गोष्टी आकड्यांत लिहा. समिती स्वतःच्या अधिकारात किती रकमेपर्यंतचा बदल मान्य करू शकते, कोणत्या टप्प्यावर विषय सर्वसाधारण सभेत न्यायचा, आणि आर्किटेक्टशी बोलणारा एकच माणूस कोण.

हा शेवटचा मुद्दा अनेक जण हसण्यावारी नेतात. प्रत्यक्षात अध्यक्ष फोनवर सांगतात खिडक्या मोठ्या करा, सचिव सांगतात छोट्या ठेवा, आणि तिसरे सदस्य थेट गवंड्याला सांगून भिंत फूटभर सरकवतात. भिंत सरकली की खालची तुळई आणि वरची भिंत एका रेषेत राहत नाहीत. पुढे तडा गेला की दोष नकाशावर येतो.

कागदावर गरज लिहा, इमारत नव्हे

आर्किटेक्टकडे जाताना इंटरनेटवरचा फोटो किंवा शेजारच्या गावातल्या हॉलचा नकाशा घेऊन जाऊ नका. दोन-तीन पानांचं टिपण घेऊन जा. वर्षभरात कोणते कार्यक्रम होणार, प्रत्येकाला किती माणसं, बसणार कशी, जेवण कुठे, गाड्या किती, पाणी कुठून, रात्री कुलूप कोण लावणार, वीजबिल कशातून भरणार, हे त्यात हवं.

बसण्याची पद्धत का महत्त्वाची, ते आकड्यांत पाहा. राष्ट्रीय इमारत संहितेत सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाला माणशी 0.6 चौरस मीटर धरतात आणि जेवणाच्या दालनाला 1.5. आपल्या 12 बाय 20 च्या हॉलचं क्षेत्रफळ 240 चौरस मीटर. म्हणजे व्याख्यानाला 400 माणसं, जेवणाला 160. पत्रकावर ‘चारशे क्षमतेचं सभागृह’ छापलं जातं आणि पहिल्याच लग्नात पंगत रस्त्यावर जाते. जेवण हॉलमध्ये, मागच्या ओट्यावर की मंडपात, हे आधी ठरलं तर हॉल मोठा करायचा की मागचं अंगण पत्र्याने झाकायचं, हा प्रश्न कागदावरच सुटतो.

टिपण लिहिताना समितीबाहेरच्या चार माणसांना विचारा: आचारी, मंडप-साउंडवाला, सफाई करणारी बाई आणि दारावर बसणारा माणूस. आचाऱ्याला आत टाइल्सचं चकचकीत स्वयंपाकघर नको असतं. त्याला हवी असते वर छप्पर असलेली मोकळी, हवेशीर जागा, मोठ्या चुलाण्यांसाठी मजबूत फरशी, दोन मोठे नळ, खरकटं पाणी वाहून नेणारा रुंद गटार-चर, आणि गॅसच्या टाक्या भिंतीबाहेर ठेवायची जाळीची खोली. भरलेलं पातेलं दोघं जण धरून नेतात, म्हणून स्वयंपाकाकडून हॉलकडे येणारं दार किमान 1.2 मीटर हवं आणि वाटेत उंबरा नको. साउंडवाला सांगेल की प्लगचे पॉइंट स्टेजवर हवेत, ते नेमके मागच्या भिंतीवर निघतात.

खुर्च्यांची खोली तर हमखास विसरतात. 300 प्लास्टिक खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांत ठेवल्या तर 30 थप्प्या होतात. थप्पीला सुमारे 0.35 चौरस मीटर धरलं तर साडेदहा चौरस मीटर, शिवाय हात जायला वाट. म्हणजे 15 चौरस मीटर नुसत्या खुर्च्यांना. सतरंज्या, टेबलं, पातेली, समया वेगळ्या. ही खोली नकाशात नसली तर वर्षभरात एक ग्रीनरूम गोदाम होते आणि नाटकाच्या दिवशी मुली कपडे बदलायला कुणाच्या तरी घरी जातात.

स्वच्छतागृहांत पुरुषांकडे आणि बायकांकडे सारखी भांडी देणं दिसायला न्याय्य वाटतं, पण बायकांना वेळ जास्त लागतो, सोबत लहान मुलं असतात. पुरुषांकडे मुताऱ्या धरून जितक्या जागा, त्याच्या दीडपट ते दुप्पट बायकांकडे असाव्यात असं आमचं ठाम मत आहे. त्यांचं दार आचाऱ्याच्या किंवा पार्किंगच्या बाजूला उघडू नये.

गरज विचारली नाही तर काय होतं, याचं मोठं उदाहरण मराठवाड्याने पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातली अनेक गावं नव्या जागी वसवली गेली. घरं मजबूत झाली, पण रुंद सरळ रस्ते आणि ओळीतले चौकोनी भूखंड यांत जुन्या गल्ल्या, वाड्यांचे चौक, भावकीचं शेजारपण बसलं नाही. लोकांनी पुढे घरांभोवती स्वतःच छपऱ्या, आडोसे आणि भिंती घालून घेतल्या.

पैसा किती आणि कुणाचा

जागांची यादी तयार झाली की बेरीज करा. हॉल 240, स्टेज 30, पुढचा ओटा 36, स्वच्छतागृहं 40, दोन ग्रीनरूम 24, भांडार 18, स्वयंपाक व वाढपाची जागा 40, कार्यालय 12. एकूण 440 चौरस मीटर. भिंतींसाठी 12 टक्के धरले की सुमारे 490, म्हणजे 5,270 चौरस फूट. उदाहरणापुरता दर 2,200 रुपये धरला तर बांधकाम 1 कोटी 16 लाख. समित्या इथेच थांबतात आणि हाच आकडा वर्गणीच्या पावतीपुस्तकावर छापतात. कुंपण, बोअर, टाकी, वीजजोडणी, पंखे-दिवे, साउंड, खुर्च्या, फर्निचर, मंजुरीचं शुल्क, 1 टक्का कामगार उपकर, सल्लागारांची फी, करांचा फरक आणि अनपेक्षित खर्चासाठी 5 ते 10 टक्के हे सगळं मिळून आणखी 30 टक्के सहज होतं. खरा आकडा दीड कोटीच्या आसपास. आर्किटेक्टला हा दुसरा आकडा सांगा आणि त्यातला बांधकामाचा वाटा किती तेही सांगा. बजेट लपवून ‘आधी तुम्ही काढून दाखवा’ म्हणण्यात दोन महिने जातात आणि शेवटी स्टेज कापलं जातं.

पैसा कुठून येणार यावर कामाची पद्धत ठरते. आमदार-खासदार निधी किंवा जिल्हा परिषदेचा पैसा असेल तर त्या यंत्रणेचं अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, मोजमाप पुस्तिका हा क्रम येतो, आणि दर शासकीय दरसूचीचे असतात. आर्किटेक्टने सुचवलेली एखादी वेगळी बाब दरसूचीत नसेल तर तिचं दरविश्लेषण जोडावं लागतं, नाहीतर ती वगळली जाते. खासदार निधी प्रार्थनास्थळाच्या कामाला वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्या. देणगी आणि सरकारी निधी एकत्र वापरायचे असतील तर कामाचे तुकडे सुरुवातीलाच वेगळे पाडा. उदाहरणार्थ मुख्य इमारत देणगीतून, कुंपण आणि रस्ता निधीतून. एकाच स्लॅबचे पैसे दोन ठिकाणांहून आले की बिल कुणी मोजायचं यावरच काम अडतं.

न्यास कर्ज काढणार असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 36अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अर्ज करून वाट पाहावी लागते, म्हणून तो नकाशाच्या बरोबरीनेच पुढे न्या.

जमीन आणि माती

पहिल्या बैठकीला सातबारा किंवा मिळकत पत्रिका, झोन दाखला आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या हद्दकायम मोजणीची ‘क’ प्रत हातात हवी. कुंपण आहे तीच हद्द असं समजून नकाशा काढला आणि मोजणीत दीड मीटर कमी भरलं तर सामासिक अंतरं (हद्दीपासून इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) चुकतात आणि सगळा आराखडा पुन्हा काढावा लागतो. गायरान किंवा शासकीय जागा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात येईपर्यंत भूमिपूजनाची तारीख काढू नका. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून राज्याला डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. परवानगी नेमकी कोणत्या कार्यालयातून घ्यायची हे जागा गावठाणात आहे की बाहेर यावर बदलतं. लेखी विचारून घ्या.

माती परीक्षण समितीने करून घ्यायचं असतं, आर्किटेक्ट फक्त कुठे आणि किती ते सांगतो. 500 चौरस मीटरच्या इमारतीला किमान तीन ठिकाणी, कोपऱ्यांत आणि मध्ये. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी वरखाली होतो, आणि दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. मुरूम किंवा खडक दोन मीटरवर असेल तर पाया तिथे न्यायचा, फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेला, जमिनीत खोल नेलेला काँक्रीटचा खांब). फरशीखालची काळी मातीही काढून मुरूम भरावा लागतो. हे विसरलं की भिंती शाबूत राहतात आणि फरशी उचलते. हा खर्च आधी कळला तर बजेटात बसतो, खोदाईनंतर कळला तर छत स्वस्त करावं लागतं.

शोधायचं कुणाला

वास्तुविशारद अधिनियम 1972 प्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्तीच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकते. नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष आणि क्रमांक. तो चालू आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतं. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या पदवीला संरक्षण देतो, इमारतीचा आराखडा करण्याच्या कामावर सरसकट बंदी घालत नाही. त्यामुळे तालुक्याला नकाशे काढून देणारे अनुभवी इंजिनिअर बेकायदा ठरत नाहीत. लहान कामात ते पुरतातही. पण 12 मीटरचा मोकळा गाळा (दोन आधारांमधलं बिनखांबी अंतर), शेकडो माणसांची गर्दी, आवाज, आग, दिव्यांगांची वाट हे सगळं एकत्र बसवायचं असेल तर आर्किटेक्ट आणि स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर दोघंही हवेत.

नावं मिळाली की त्यांच्या कार्यालयात जाण्याआधी त्यांच्या इमारती पाहा. प्रत्येकाच्या तीन, त्यांतली एक किमान पाच वर्षं वापरात असलेली आणि शक्य असेल तर पावसाळ्यात. नवी इमारत सगळ्यांचीच चांगली दिसते. पाच वर्षांनी पन्हाळीखाली शेवाळ आहे का, स्वच्छतागृहात दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो का, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यात ओल आहे का, लोकांनी नंतर काय तोडून काय जोडलं, हे पाहा. तिथल्या शिपायाला विचारा, विश्वस्तांना नंतर. आणि तिथल्या समितीला दोनच प्रश्न विचारा: ठरलेल्या खर्चापेक्षा किती वाढला आणि का, आणि स्लॅबच्या दिवशी आर्किटेक्टच्या कार्यालयातून कोण आलं होतं.

तीन-चार जणांना मुलाखतीला बोलवा, पण फुकट आराखडे मागू नका. जागा न पाहता, माणसांशी न बोलता काढलेलं चित्र म्हणजे रंगीत अंदाज असतो, आणि समिती त्यातल्या घुमटाच्या प्रेमात पडते. स्पर्धाच घ्यायची असेल तर परिषदेची स्पर्धेसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांप्रमाणे परीक्षक आणि मानधन ठरवून रीतसर घ्या. मुलाखतीत पाहायचं ते हे, की माणूस प्रश्न विचारतो का. तुमचं टिपण वाचून ‘जेवणाला 160 च बसतील, चालेल का?’ असं जो विचारतो, त्याने काम सुरू केलेलं असतं. कार्यालयात ड्रॉइंग कोण काढणार, साइटवर कोण येणार, सध्या किती कामं हातात आहेत, जवळचा स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, हेही विचारा.

ठेकेदाराने ‘प्लॅन आपल्याकडून फुकट’ म्हटलं तर नकार द्या. त्या प्लॅनची किंमत तुमच्या सळईत आणि सिमेंटात वसूल होते, आणि तपासणारा माणूसच तपासल्या जाणाऱ्याच्या पगारावर राहतो. ठेकेदार किंवा विक्रेत्याकडून कमिशन घेणं परिषदेच्या 1989 च्या व्यावसायिक आचारसंहितेत बसत नाही. करारात हे एका ओळीत लिहून घ्या, चांगल्या आर्किटेक्टला त्याचा राग येत नाही. आधी दुसऱ्या कुणाला नेमलं असेल तर त्याचा हिशेब मिटवून, लेखी कळवूनच नव्याकडे जा.

फी आणि करार

फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत किंवा ठरावीक रकमेत असते. टक्केवारी असेल तर कशाची, ते लिहा: मंजूर अंदाजपत्रकाची की अंतिम बिलाची. सार्वजनिक पैशासाठी आम्ही अंदाजपत्रक मान्य झाल्यावर रक्कम गोठवण्याच्या बाजूचे आहोत, म्हणजे खर्च वाढला म्हणून फी वाढत नाही. 1 कोटी 16 लाखांवर 5 टक्के धरले तर 5 लाख 80 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी. न्यासाला फी देताना 10 टक्के टीडीएस कापावा लागतो, ठेकेदाराच्या बिलातून वैयक्तिक असेल तर 1 आणि कंपनी किंवा भागीदारी असेल तर 2 टक्के. गावातला ओळखीचा आर्किटेक्ट निम्म्या फीत तयार झाला तर काय कमी करणार ते विचारा. बहुधा वर्किंग ड्रॉइंग (प्रत्यक्ष बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे) आणि साइटच्या फेऱ्या कमी होतात, आणि तेवढ्यासाठीच तर त्याला नेमायचं असतं.

हप्त्यांची एक चालणारी विभागणी अशी: नेमणुकीला 10 टक्के, संकल्पना मान्य झाल्यावर 15, मंजुरीचे नकाशे सादर झाल्यावर 15, वर्किंग ड्रॉइंग आणि निविदेची कागदपत्रं पूर्ण झाल्यावर 30, बांधकामात प्रगतीप्रमाणे 25, पूर्णत्वानंतर 5. नकाशा मंजूर होताच 70-80 टक्के फी देऊन मोकळं होणं ही नेहमीची चूक. त्यानंतर साइटवर कुणी फिरकत नाही, कारण तिथे मिळण्यासारखं काही उरलेलं नसतं.

करारात स्ट्रक्चरल, वीज आणि पाणी-मलनिस्सारणाचे सल्लागार फीत धरलेत की वेगळे, हे नावांसह हवं. संकल्पनेत किती बदल फीत आणि त्यानंतर किती दराने, काम सहा महिने थांबलं तर काय, कुणालाही करार संपवायचा असेल तर झालेल्या टप्प्याचे किती, हेही. ड्रॉइंगचा स्वामित्वहक्क 1957 च्या कायद्याप्रमाणे आर्किटेक्टकडे राहतो, तुम्हाला त्या एका जागेवर ती एक इमारत बांधायचा हक्क मिळतो. त्यामुळे पंचक्रोशीतल्या दुसऱ्या गावाला तोच नकाशा द्यायचा असेल तर विचारावं लागतं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो ‘देखरेख’ या एका गोष्टीवर. आर्किटेक्टची देखरेख ठरावीक कालांतराने असते. रोज सिमेंटच्या गोण्या मोजणं, पाणी मारलं का पाहणं हे त्याच्या फीत येत नाही. त्यासाठी समितीने पगारी साइट सुपरवायझर नेमायचा, निदान डिप्लोमा झालेला आणि ठेकेदाराशी नातं नसलेला. आर्किटेक्टच्या फेऱ्या मात्र टप्प्यांशी बांधा: खोदाईचा तळ, पायाची सळई, जोता, प्रत्येक स्लॅबची सळई काँक्रीटच्या आदल्या दिवशी, वॉटरप्रूफिंग, आणि एरवी पंधरवड्याला एक.

संकल्पना हातात आल्यावर काय तपासायचं

चित्र सुंदर आहे का हे सगळेच पाहतात. समितीने मोजपट्टी घेऊन चार गोष्टी पाहाव्यात.

उतार. जोता 600 मिलीमीटर उंच असेल तर 1:12 च्या उताराला 7.2 मीटर लांबी लागते, दोन्ही टोकांना दीड मीटर सपाट जागा धरून 10.2. नकाशात दोन मीटरचा रॅम्प दिसला तर तो मोटारसायकल चढवायला आहे, व्हीलचेअरला नाही.

दारं. हॉलला दोन वेगळ्या दिशांना दारं हवीत, बाहेर उघडणारी. अग्निसुरक्षेचा विचार महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 प्रमाणे सुरुवातीलाच करून घ्या. नंतर जिना किंवा दार वाढवायला जागा नसते.

छत. 12 मीटरच्या गाळ्यावर आरसीसी तुळई साधारण एक मीटर खोल होते. स्लॅब साडेचार मीटरवर असेल तर तुळईखाली साडेतीनच उरतात, त्यात पंखे आणि स्टेजचा पडदा. लोखंडी कैच्या आणि पत्रा स्वस्त पडतो, पण पत्र्याखाली उष्णतारोधक थर नसेल तर मे महिन्यात हॉल तापतो आणि जुलैत वक्त्याचा आवाज पावसाखाली बुडतो. खर्च वाचवायला हॉलच्या मध्ये खांब घेऊ नका. कोकणात सपाट स्लॅबपेक्षा उतरतं छप्पर, 900 मिलीमीटरची पागोळी आणि स्थानिक गवंड्यांच्या हाताला सवय असलेला जांभा हेच टिकतं.

आवाज. या मुद्द्यावर जवळपास प्रत्येक सार्वजनिक हॉल फसलेला दिसतो, म्हणून थोडं गणित करू. हॉलचं घनफळ 12 गुणिले 20 गुणिले 4.5, म्हणजे 1,080 घनमीटर. फरशी, छत आणि भिंती मिळून 768 चौरस मीटर, सगळं टाइल्स, प्लास्टर, काच. असे कठीण पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम 3 टक्के शोषतात, म्हणजे एकूण शोषण 768 चे 3 टक्के, 23. निनाद, म्हणजे मागे घुमत राहणारा आवाज, किती सेकंद टिकतो हे 0.16 गुणिले घनफळ भागिले शोषण या सूत्राने मिळतं: रिकाम्या हॉलमध्ये साडेसात सेकंद. याच मापात एक माणूस सुमारे 0.45 शोषतो. 60 माणसं बसली तरी साडेतीन सेकंद उरतात. भाषण नीट कळायला साधारण एक सेकंद हवा. 250 माणसं आली की 1.3 वर येतो, म्हणून उद्घाटनाच्या दिवशी कुणाला काही जाणवत नाही आणि नंतरच्या प्रत्येक छोट्या बैठकीत शब्द कळत नाही. छताच्या काही भागावर आणि मागच्या भिंतीवर मिळून 100 चौरस मीटर शोषक बोर्ड बसवला, 0.6 क्षमतेचा (60 टक्के आवाज शोषणारा), तर 60 माणसांतही निनाद 1.6 सेकंदांवर येतो. महागडा साउंड घेऊन हे सुटत नाही, मोठा केलेला आवाजही तितकाच घुमतो. संकल्पनेच्या टप्प्यावरच आर्किटेक्टला विचारा की शोषण कुठे दिलंय.

हे सगळं झालं की सर्वसाधारण सभेत नकाशा दाखवा, जमिनीवर चुन्याने आखून दाखवलात तर उत्तम, कारण कागद सगळ्यांना वाचता येत नाही. सूचना लिहून घ्या, ठराव करा आणि तिथे आराखडा गोठवा.

निविदा आणि साइट

मंजुरीचा नकाशा 1:100 चा असतो, तो परवानगीसाठी पुरतो. बांधकाम त्यावरून करू नये. 1:50 ची वर्किंग ड्रॉइंग, खिडक्या-जिने-स्वच्छतागृहांचे 1:20 किंवा त्याहून मोठे तपशील, सळईची यादी आणि बाबवार मोजमापांचं पत्रक तयार झाल्याशिवाय निविदा काढली तर ठेकेदार चौरस फुटावर दर देतो आणि ‘हे त्यात नव्हतं’ हे वाक्य पुढचं वर्षभर ऐकावं लागतं. पाहुण्यांची तारीख मिळाली म्हणून ड्रॉइंगआधी भूमिपूजन झालं तर होऊ द्या, पण खोदाई करू नका. बिलातून 5 टक्के अनामत राखा आणि दोषदायित्व (ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करायची मुदत) 12 महिने ठेवा, म्हणजे त्यात एक पूर्ण पावसाळा येतो.

साइटवर सूचनावही ठेवा, प्रती निघणारी. आर्किटेक्ट लिहील, ठेकेदार सही करील, समिती वाचेल. ड्रॉइंगवर सुधारणा क्रमांक आणि तारीख पाहा, जुन्या प्रती त्याच दिवशी काढून घ्या. जुन्या ड्रॉइंगवर दार बसवलं गेलं, हे फार सामान्य आहे.

काँक्रीटबाबत भारतीय मानक 456 चे आकडे समितीने पाठ करावेत. 31 ते 50 घनमीटर काँक्रीटला किमान चार नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे 28 दिवसांच्या चाचणीला. 7 दिवसांचे हवे असतील तर जादा. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी, पीपीसी (राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट) असेल तर किमान 10. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू 14 दिवस, 6 मीटरपेक्षा लांब तुळईखालचे 21 दिवस. ठेकेदाराला सेंट्रिंगचं सामान दुसऱ्या साइटवर हवं असतं, म्हणून घाई इथेच होते, आणि आपल्या 12 मीटरच्या तुळईचा झोळ कायमचा राहतो. काँक्रीट ओतताना सैल व्हावं म्हणून पाइपने पाणी घालू देऊ नका. ते जादा पाणी उडून गेल्यावर पोकळ्या उरतात, ताकद कमी होते आणि ओल सळईपर्यंत पोचते.

श्रमदान करायचं असेल तर आर्किटेक्टला पहिल्या दिवशी सांगा, कारण त्यावर रचना बदलते. मावळातल्या वडेश्वरचं शिवमंदिर समीप पडोरा यांच्या कार्यालयाने गावकऱ्यांशी बोलत बोलत आखलं आणि ते श्रमदानातून, जवळच्या खाणीतल्या काळ्या दगडात उभं राहिलं. दगड रचणं, भराव, कुंपण, झाडं, रंग ही श्रमदानाची कामं आहेत. सळई बांधणं, काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंग नव्हेत.

पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर पहिल्या टप्प्याची इमारत स्वतंत्रपणे वापरता आली पाहिजे. वर मजला येणार असेल तर पाया आणि खांब आजच त्या वजनाचे करा. बाहेर राहिलेल्या सळया पावसात दहा वर्षं गंजू देऊ नका. कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा, नंतर ते फोडता येतं. देणगीदारांच्या पाट्यांची भिंतही नकाशातच ठरवा, नाहीतर शेवटच्या महिन्यात ग्रॅनाइटच्या पाट्या ओट्याच्या प्रत्येक खांबावर चढतात.

ताबा घेताना

भोगवटा प्रमाणपत्राबरोबर आर्किटेक्टकडून प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणेची ड्रॉइंग घ्या, छापील आणि संगणकीय दोन्ही. त्यात जमिनीखालच्या वीजतारा, पाण्याचे आणि मैल्याचे नळ हवेतच. चाचणीचे अहवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, वॉटरप्रूफिंगची हमी, पंप आणि पंख्यांची बिलं एका फाइलमध्ये. गच्चीवर 48 तास पाणी साठवून खालून पाहा. पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आत, आर्किटेक्ट, ठेकेदार आणि समिती यांनी एकत्र फिरून दोषांची यादी करा. ती पूर्ण होईपर्यंत अनामत सोडू नका. न्यासाच्या मालमत्तेत झालेल्या या बदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांच्या आत द्यायचा असतो. तो इमारतीच्या उद्घाटनाच्या धांदलीत राहून जातो, म्हणून त्याची जबाबदारी समितीतल्या एकाच्या नावावर आधीच लिहून ठेवा.